जिनेव्राची शिळा

आई चपला हातात घेऊन चर्चच्या दारात उभी होती.

"इथं काढत नाहीत, आई. घाल परत."

"तू नको काढूस. मी काढते."

"नोव्हेंबर आहे. फरशी बर्फासारखी लागेल."

"मोजे आहेत की." तिनं पाऊल पुढं करून दाखवलं. अंगठा वेगळा असलेले तपकिरी मोजे, थेट सांगलीहून आलेले.

सिन्योरा ओत्ताविया किल्ल्यांचा जुडगा घेऊन आत थांबल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढं, पाठ ताठ, गळ्यात राखाडी लोकरीचा स्कार्फ. त्यांनी आईच्या हातातल्या चपलांकडं पाहिलं आणि मला म्हणाल्या, "आईला सांग, देवाला बुटांचं काही वाटत नाही."

मी सांगितलं.

"देवाला नसेल वाटत," आई म्हणाली. "मला वाटतं."

मी हे इटालियनमध्ये सांगितलं तेव्हा सिन्योरांनी आईकडं पहिल्यांदा नीट पाहिलं आणि चपला ठेवायला दाराजवळची खुर्ची पुढं सरकवली.

मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. पुण्यात भूभौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून इटलीतल्या एका विद्यापीठाच्या प्रकल्पावर आले होते. तोस्काना प्रांतातल्या मोंतेव्हर्ना नावाच्या एका डोंगरी गावात हे चर्च होतं. तेर्राल्दी नावाच्या लोकरीच्या व्यापारी घराण्यानं पाचशे वर्षांपूर्वी ते बांधलं आणि डाव्या अंगाला आपल्या मृतांसाठी एक वेगळं दालन करून ठेवलं. वर निळा घुमट, त्यावर सोनेरी चांदण्या. भिंतींना हिरवा-पांढरा संगमरवर. आणि खाली, दालनभर, एकाला एक लागून मोठमोठ्या शिळा. प्रत्येकीवर एक नाव आणि त्या नावाचा माणूस खाली पुरलेला.

शिळा खचत होत्या. दुरुस्ती सुरू करण्याआधी खाली कुठं पोकळी आहे, कुठं भराव आहे, कुठं पाणी मुरतंय, हे उकरून न बघता शोधायचं होतं. माझ्याकडं त्यासाठी जमिनीत लहरी सोडणारं रडार होतं. चार चाकं, वर एक दांडा, दांड्यावर छोटा पडदा. आईनं ते बघताक्षणी त्याला बाबागाडी म्हणायला सुरुवात केली.

"एवढं शिकून शेवटी बाबागाडीच ढकलतेस," ती म्हणाली. "तीही रिकामी."

ती माझ्याकडं थोड्या दिवसांसाठी आली होती. माझे प्राध्यापक दुसऱ्या कामावर अडकले होते, दोरा धरायला कुणी नव्हतं. आई म्हणाली, "दोराच धरायचाय ना? मी येते." दालनाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरा ताणायचा, त्याच्या कडेनं गाडी सरळ रेषेत न्यायची, मग दोरा थोडा सरकवायचा. काम एवढंच.

दालनाच्या उंबऱ्याशी आली आणि आई पुन्हा थांबली.

"खाली काय लिहिलंय हे?"

"नावं."

"कुणाची?"

"इथं पुरलेल्यांची."

तिनं पुढं टाकलेला पाय झटकन मागं घेतला. "आणि तू यांच्यावरनं चालतेस?"

"सगळेच चालतात. चर्चमध्ये येणारे सगळे. ते लोक स्वतःच मरताना सांगून जायचे की आम्हाला इथं पुरा, लोकांच्या पायांखाली."

"त्यांनी सांगितलं असेल. मला नाही जमायचं."

भिंतीलगत हातभर रुंदीचा साध्या फरशीचा पट्टा होता. आईनं तो हेरला. दोऱ्याचं टोक या भिंतीकडून त्या भिंतीकडं न्यायचं असलं की ती त्या पट्ट्यावरून, भिंतीला हात टेकत, अख्ख्या दालनाला वळसा घालून जायची. मी आपली सरळ मधून. सिन्योरा बाकावर बसून हे बघत होत्या.

"मनातल्या मनात तरी नमस्कार करत जा," आई पलीकडून म्हणाली.

"केला."

"खोटं बोलू नकोस. तुझं लक्ष पडद्यावर आहे."

खरं होतं. पडद्यावर एकेक शिळेखालचं चित्र उमटत होतं. निसर्गानं साचवलेली माती आडव्या, सलग थरांनी दिसते. माणसानं एकदा खड्डा खणला आणि बुजवला की ते थर तुटतात आणि पुन्हा कधीच जुळत नाहीत. इथं शिळेमागून शिळेखाली थर तुटलेले होते, काही ठिकाणी विटांच्या कमानीची पोकळी स्वच्छ दिसत होती. खजिना सापडावा तशी मी खूश होते.

मग दोरा एका शिळेच्या कोपऱ्यात अडकला. आईनं पट्ट्यावरूनच वाकून सोडवायला हात लांबवला, तिचा तोल गेला आणि एक पाऊल शिळेवर पडलं. तिनं ते लगेच मागं घेतलं, खाली वाकली, शिळेला बोटं लावली आणि ती बोटं कपाळाला आणि छातीला लावली.

सिन्योरा उठून उभ्या राहिल्या. "लागलं का तिला? काही पडलं का?"

"नाही, सिन्योरा. पाय लागला ना, म्हणून तिनं क्षमा मागितली."

"कुणाची?"

"ज्यांना पाय लागला त्यांची."

सिन्योरा शिळेजवळ आल्या. बाकी शिळांवर ढाली, शिरस्त्राणं, लांबलचक लॅटिन ओळी होत्या. या शिळेवर फक्त एक नाव होतं आणि नावाखाली लोकर कातायची चाती कोरलेली. मधला भाग हात लागून लागून गुळगुळीत झाला होता.

"जिनेव्रा," सिन्योरा म्हणाल्या. "हे चर्च ज्यानं बांधलं, त्याची बायको. आमच्या घरात येणारी प्रत्येक सून लग्नाच्या दिवशी आपल्या हातातली फुलं हिच्यावर ठेवते. मीही ठेवली होती."

हे मला आधीच माहीत होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं आणि एक गोष्ट मागितली होती. सिन्योरा तेर्राल्दी घराण्यातल्या शेवटच्या. मूलबाळ नाही. आपली रक्षा जिनेव्राच्या शेजारी ठेवायची परवानगी त्यांनी चर्चच्या वरिष्ठांकडून मिळवली होती. "फक्त तिच्या बाजूला माझ्यापुरती जागा आहे का, एवढं तुझ्या यंत्राला विचार," असं त्या म्हणाल्या होत्या.

त्या बाहेर फुलं आणायला गेल्या. मी गाडी जिनेव्राच्या शिळेवरून नेली. मग परत नेली. मग आडवी नेली.

"काय झालं?" आईनं विचारलं. "दहावीच्या निकालाला होता तसा चेहरा झालाय तुझा."

"आई, हिच्याखाली कुणी नाहीये."

"म्हणजे?"

"इथं कधी खणलंच नाही. हे बघ, ही शेजारची शिळा. इथं रेषा तुटल्यात. आणि ही जिनेव्राची. इकडून तिकडं सलग. वरून नुसती शिळा टेकवलीय."

आईनं चष्मा चढवला आणि पट्ट्यावरूनच वाकून पडदा बघितला. "माती एकदा हलली की इतक्या वर्षांनी कळतं?"

"कळतं."

"मग मी नमस्कार कुणाला केला?"

"कुणालाच नाही."

"नाव आहे ना वर. नावाला केला." तिनं चष्मा काढला. "या बाईंना सांगणार?"

"अहवालात येईलच ते."

"अहवालात येईल म्हणजे तू सांगणार नाहीस."

ती सिन्योरांबद्दलच बोलत होती की नाही, मला कळेना. गेली दोन वर्षं आम्ही दोघी एका गोष्टीच्या भोवतीनं अशाच चालत होतो, भिंतीला हात टेकत.

बाबा सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. आपण गेल्यावर देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यायचा, हे ते जेवताना, गाडी चालवताना, पाहुण्यांसमोर, कुठंही सांगायचे. "मुलं शिकतील. जाळून काय होतं? कार्बन डायऑक्साइड." आई म्हणायची, "जेवताना तरी नको." हो म्हणायची नाही, नको म्हणायची नाही. मग एका सकाळी बाबा खुर्चीत बसल्या जागी गेले.

भाऊकाकांनी, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावानं, तिरडीचं सामान मागवलं होतं. मी मेडिकल कॉलेजला फोन केला. अंगणात माणसं जमलेली, काका सगळ्यांसमोर ओरडत होते. "बापाला फाडायला देतेस? अग्नीसुद्धा नाही त्याच्या नशिबात?" मी म्हणत होते, "त्यांची इच्छा होती काका, तुम्हालाही माहिती आहे." आई स्वयंपाकघराच्या दाराला टेकून खाली बसली होती. मी तिच्याकडं दोनदा पाहिलं. तिनं मान वर केली नाही. शववाहिका आली. बाबांच्या अंगावर त्यांच्या पलंगावरची सोलापुरी चादर होती, मरून रंगाची, तिच्यासकट त्यांना उचललं. मी खांद्याला सॅक लावली, कारण काका म्हणाले होते, "आता या दारात परत येऊ नकोस," आणि मी ठरवलं होतं की तिकडूनच पुण्याची गाडी पकडायची. फाटकापाशी आई आली. मला वाटलं, आता बोलेल. ती म्हणाली, "चादर परत आण."

एवढंच.

मी चादर परत आणली. तिनं ती घेतली, मला भात वाढला. काका निघून गेले होते. त्यानंतर त्या दिवसाबद्दल आमच्यात एक शब्द झाला नाही. माणूस गेला आणि हिला चादरीची पडली, असं मला तेव्हा वाटलं होतं. पुढं वाटायला लागलं, चादर हा बहाणा होता. बाबांना नेलंस ते नेलंस, त्यांचं एवढं तरी ठेव, असं ती मला सुनावत होती. तिला अस्थी हव्या होत्या, कृष्णेचा घाट हवा होता, आणि ते मी तिच्याकडून काढून घेतलं होतं. विचारायची हिंमत मला झाली नाही. मी अर्ज केला आणि इटलीला आले.

आणि आता ती आली होती. बॅगेचं अर्धं वजन म्हणजे ती मरून चादर. "तिकडं थंडी असते," एवढं म्हणून तिनं ती माझ्या पलंगावर ठेवली होती. मी तिची घडी न मोडता कपाटात ठेवून दिली होती.

सिन्योरा फुलं घेऊन आल्या. कुंडीसारख्या भांड्यात पांढरी आणि पिवळी, भरगच्च.

"अगं, शेवंती!" आई म्हणाली. मोंतेव्हर्नाला आल्यापासून तिचा आवाज पहिल्यांदा असा आला. "इथं शेवंती?"

"तिला आवडतात ही?" सिन्योरांनी मला विचारलं. उत्तराची वाट न बघता त्यांनी एक पिवळं फूल देठापासून मोडलं आणि आईच्या हातात दिलं. जिनेव्रावर ठेवायला दिलं, हे मला कळत होतं. दरवर्षी नोव्हेंबरात इटलीभर ही फुलं कबरींवर वाहतात. ती कुणी घरात ठेवत नाही, कुणाकडं भेट म्हणून नेत नाही. ती मेलेल्यांचीच.

आईला हे ठाऊक नव्हतं. तिनं फूल हातात धरलं आणि बघत राहिली. आमच्याकडं एखादी बाई दुसरीला फूल देते ते केसात माळायला. बाबा गेल्यापासून हळदीकुंकवात, बारशात, कुठंही आईला कुणी फूल दिलं नव्हतं. पुढच्या बाईपुढं तबक धरताना बायका तिच्यावरून नजर काढून घ्यायच्या. मी हे पाहिलं होतं.

"मला?" ती म्हणाली.

मी सांगायला तोंड उघडलं. पण ती तेवढ्यात दोन्ही हात मागं नेऊन अंबाड्यात फूल खोचत होती. सवयीनं, आरशाशिवाय, बरोबर डाव्या बाजूला.

सिन्योरांचा हात तोंडावर गेला. "मादोन्ना मिया! ते मेलेल्यांचं फूल आहे. शामाली, सांग तिला."

शाल्मली हे नाव त्यांना कधी जमलं नाही. मी दोघींना दोन्हीकडचं सांगितलं. तिकडं हे फूल कबरीवर. आमच्याकडं केसात. आणि थोडं थांबून, विधवेला ते कुणी देत नाही, हेही.

आईनं घाईघाईनं अंबाड्याकडं हात नेला. "काढते, काढते. सांग त्यांना, चुकलं माझं."

सिन्योरांनी तिचा हात धरला. मग त्या हसायला लागल्या. घुमट त्यांच्या हसण्यानं भरून गेला. "राहू दे! त्या सगळ्यांना," त्यांनी पायांखालच्या शिळांकडं हात केला, "इतक्या वर्षांत एकदा तरी बघू दे ही फुलं कुणाच्या तरी डोक्यात."

आईला भाषांतर लागलं नाही. तीही हसली. मग पदरानं डोळे पुसले आणि एकदम मला म्हणाली, "आता सांग त्यांना."

"काय?"

"खाली कुणी नाही ते. बाईंनी मला फूल दिलंय. त्यांना दुसऱ्याच्या अहवालातून कळायला नको."

आम्ही तिघी बाकावर बसलो. सिन्योरांनी थर्मासमधली कॉफी छोट्या कपांत ओतली. मी पडदा त्यांच्याकडं वळवला. आईला दाखवलं तसंच दाखवलं, या रेषा तुटलेल्या, या सलग. बोलताना माझा आवाज फार हळू झाला असावा, कारण त्या म्हणाल्या, "मोठ्यानं बोल, मला कमी ऐकू येतं."

"जिनेव्रा इथं नाही, सिन्योरा. कधीच नव्हती."

त्यांनी कपातला शेवटचा घोट घेतला. "हो तर. ती प्लेगमध्ये गेली. प्लेगच्या माणसांना गावात आणू द्यायचे नाहीत. नदीपलीकडं एक मोठा खड्डा होता, त्यात सगळ्यांबरोबर तिला टाकलं, वर चुना. नवऱ्यानं इथं शिळा बसवली."

"तुम्हाला माहिती होतं?"

"लग्नाच्या दिवशी, मी फुलं ठेवायला वाकले तेव्हा सासूनं कानात सांगितलं. तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं. प्रत्येक सुनेला सांगतात. घरातल्या पुरुषांना माहीत नसतं, ते येऊन ऐटीत प्रार्थना करतात." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "माझ्यानंतर सून नाही. सांगायचं कुणाला, एवढाच प्रश्न होता. आता तुझ्या यंत्रानं सांगितलं. बरं झालं. आणि शेजारी जागा आहे का विचारत होते मी तुला. आता तर जागाच जागा!"

मी हे सगळं आईला सांगितलं. तिनं प्रत्येक वाक्याला मान हलवली. मग विचारलं, "तिथं नाही हे माहीत असून फुलं ठेवतात?"

सिन्योरा म्हणाल्या, "फुलं ठेवायला यायला जागा लागते. तिला नाही लागत, आम्हाला लागते." आणि मग, सहज, "तुमचे पती कुठं आहेत?"

इटलीत हा प्रश्न असाच विचारतात. म्हणजे कुठल्या दफनभूमीत.

मी उत्तर द्यायला लागले. आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मला विचारलंय. मी सांगते. तू फक्त जोडून दे."

आई सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर भोकांचा फळा, हातात दोऱ्या. लोकांची लग्नं, मरणं, भांडणं तिच्या हातातून पलीकडं जायची. लहानपणी मी विचारायचे, तू ऐकतेस का गं सगळं? ती म्हणायची, ऑपरेटर मधे बोलत नसतो.

"'आई म्हणते' असं मधे घालू नकोस," ती म्हणाली. "मी म्हणेन तसं म्हण. मी म्हणजे मी."

"बरं."

"माझ्या नवऱ्यानं देह दान केला. डॉक्टरकीच्या मुलांना शिकायला."

मी इटालियनमध्ये म्हटलं, माझ्या नवऱ्यानं देह दान केला. स्वतःच्या तोंडून हे वाक्य ऐकून कसंतरी झालं.

"कबर नाही?" सिन्योरांनी विचारलं.

"कबर नाही, राख नाही, काही नाही. त्याला तेच हवं होतं. पण करायची वेळ आली तेव्हा मला जागचं उठता येईना. पाय गेले माझे. माझ्या मुलीनं एकटीनं नेलं त्याला."

मी म्हटलं, माझ्या मुलीनं एकटीनं नेलं त्याला.

"घरातली माणसं तिला नाही नाही ते बोलली. परत येऊ नकोस म्हणाली. मी ऐकत होते. आणि ती पाठीला पिशवी लावून निघाली. मला कळलं, ही तिकडूनच जाणार. आता ही या घरात येत नाही."

मी थांबले. सिन्योरा माझ्याकडं बघत होत्या. मी ते सांगितलं.

"मी कशीबशी फाटकापर्यंत गेले. परत ये म्हणाले असते तर आली नसती, माझ्यासारखीच हट्टी आहे. म्हणून तिला म्हटलं, चादर परत आण." आईनं नाक ओढलं. "मला काय करायची होती चादर? घरात चादरींचा ढीग आहे. पण एक वस्तू परत द्यायचीय म्हटलं की ती येणार. बापाची पोर आहे, प्रयोगशाळेतली बाटलीसुद्धा जागच्या जागी ठेवते."

मी रडारच्या पडद्याकडं बघत राहिले.

"बोल ना," आई म्हणाली. "त्या थांबल्यात."

मी बोलले. कसं ते आठवत नाही. चादर या शब्दाला मी नुसतं कापड म्हटलं. सिन्योरांनी स्कार्फचं टोक मुठीत धरलं होतं.

"आणि आता मला तिच्याकडं काही मागायचंय," आई म्हणाली. ती अजून सिन्योरांकडंच बघत होती. "त्यासाठीच एवढं विमानात बसून आले. मलाही तसंच जायचंय, त्याच्यासारखं. पण आपलं आपल्याला जाता येत नाही ना, कुणीतरी पोचवावं लागतं. ती एकदा एकटी गेलीय. पुन्हा तिलाच जावं लागणार. दोन वर्षं विचारीन विचारीन म्हणते. त्या दिवसाचं नाव काढलं की तिचा चेहरा असा मिटतो, मला वाटतं, नकोच. हिला माझाच राग असेल, मी उठले नाही म्हणून."

सिन्योरांनी माझ्या दंडाला हात लावला. "काय म्हणाली ती?"

मी मान हलवली. मला सांगता आलं नाही.

आई सिन्योरांना मराठीत म्हणाली, "लाइन कट झाली."

मग माझ्याकडं वळली. मी म्हटलं, "हो."

"नीट विचार करून सांग."

"हो म्हटलं ना."

"काका पुन्हा ओरडतील."

"ओरडू देत."

"रडू नकोस मग. कॉफी गार होतेय."

उरलेल्या रेषा आम्ही त्या दुपारी पूर्ण केल्या. अहवालात मी जिनेव्राच्या शिळेखालचे थर अखंड असल्याचं लिहिलं आणि शेजारची जागा सुरक्षित आहे, असंही. आई निघताना पुन्हा भिंतीलगतच्या पट्ट्यावरून गेली, पण अर्ध्या वाटेत थांबली, वाकली आणि अंबाड्यातली शेवंती काढून जिनेव्राच्या चातीवर ठेवली. सिन्योरांनी भांड्यातून दुसरी मोडली आणि स्वतःच तिच्या केसात खोचली. त्यांना ते नीट जमलं नाही. बसथांब्यापर्यंत फूल कानाशी लोंबत होतं, आईनं हात लावला नाही.

त्या रात्री मी कपाटातून चादर काढली आणि पांघरली.

आईला विमानतळावर सोडायला गेले तेव्हा मी ती घडी करून पिशवीत भरून नेली होती. तिनं पिशवीत डोकावून पाहिलं.

"ही कशाला आणलीस?"

"तुझी आहे. घेऊन जा."

तिनं पिशवी माझ्याकडं ढकलली. रांग पुढं सरकली, मागच्या माणसानं तिची बॅग उचलून दिली. तिनं त्याला मराठीतच आशीर्वाद दिला.

"ठेव तुझ्याकडं," ती मला म्हणाली. "थंडी आहे इथं. येताना परत आण."

त्यानंतर माझी तीन शहरं झाली. दरवर्षी मी सांगलीला जाते. फाटकापाशी आई उभी असते, अंबाड्यात कधी शेवंती असते, कधी अबोली. मी आधी चादर तिच्या हातात देते, मग वाकते. ती चादर धुते, गच्चीवर वाळवते आणि निघायच्या दिवशी घडी करून माझ्या बॅगेत सगळ्यात वर ठेवते.